गळा सीमेवरचा, जीभ कुणाची?

चित्रपटातील पात्रयोजनेवर लिहायला बसलो आणि आठवले ते एक नाटक. हैदराबाद–सोलापूर रस्त्यावरचे आमचे राजेश्वर. गणेशोत्सवात आम्ही पोरे दरवर्षी काही ना काही बसवीत असू. एका वर्षी राजाचे काम कुणाला द्यायचे यावरून दोन रात्री खल चालला. पदे म्हणू शकेल असा गळा आमच्यात एकाच मित्राला होता. पण त्याच्या घरी कानडी. त्याच्या मराठीत लिंगाची गफलत होई, वाक्याच्या शेवटी हेल येई. हा राजा झाला तर लोक हसतील, असे सर्वांचे मत पडले. मग तोड निघाली. राजा दुसऱ्याने व्हायचे, पदे मित्राने विंगेतून म्हणायची आणि राजाने नुसते ओठ हलवायचे. नाटक झाले. टाळ्या पडल्या. राजाला वन्समोअर मिळाला. मित्र पडद्याआड घाम पुसत उभा होता. ती तोड माझी होती, आणि त्या वेळी मला तिचा अभिमान वाटला होता.

पुढे मराठी चित्रपटाचा इतिहास हाती येईल तसा वाचत गेलो, जुने चित्रपट मिळतील तेथे पाहत गेलो, तेव्हा ध्यानात आले की आम्ही पोरांनी केले ते काही नवे नव्हते. मोठमोठ्या स्टुडिओंनी तेच केले आहे, अधिक कौशल्याने आणि अधिक सभ्यपणे.

आपल्याकडे चित्रपट-परीक्षणात पात्रयोजनेच्या वाट्याला एक वाक्य येते: ‘पात्रयोजना अचूक आहे’ किंवा ‘अमुक नट भूमिकेत शोभत नाही’. जणू कथा, छायालेखन, संगीत या कला आणि पात्रयोजना म्हणजे कपाटातून योग्य मापाचा अंगरखा काढणे. वास्तविक दिग्दर्शकाचा पहिला मोठा निर्णय हाच. कोणाचा चेहरा राजाचा आणि कोणाचा हुजऱ्याचा, कोणाच्या बोलीने प्रेम करायचे आणि कोणाच्या बोलीने लोकांना हसवायचे, हे कॅमेरा फिरण्यापूर्वीच ठरून जाते. म्हणून हा विषय केवळ सौंदर्याचा नाही, न्यायाचाही आहे.

आरंभ दादासाहेब फाळक्यांपासून करणे भाग आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना तारामती मिळेना. सिनेमात काम करायला स्त्रिया तयार नव्हत्या. बदनाम वस्तीतल्या स्त्रियांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरले, आणि महिना १० रुपये मिळवणारा तो तरुण १५ रुपयांवर हरिश्चंद्राची राणी झाला. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, हा बांध फुटला. तरी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! आज आपण याला हसतो. पण मूकपटाला एक सोय होती, ती लक्षात घ्या. नटाला बोलायचे नव्हते. साळुंक्यांची बोली कोणती, उच्चार कसा, हे कुणी विचारले नाही. चेहरा आणि हात एवढ्यावर भागले. त्या एका अर्थाने मूकपट बोलपटापेक्षा उदार होता.

१९३१–३२ मध्ये पडदा बोलू लागला आणि निवडीची कसोटी बदलली. आता गळा हवा. ‘प्रभात’च्या पहिल्या बोलपटात, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले. त्यांच्यासमोर तारामती म्हणून दुर्गा खोटे या प्रतिष्ठित घरातल्या, शिकलेल्या स्त्रीला उभे करण्यात आले. त्या निवडीने सिनेमाकडे पाहण्याची मध्यमवर्गाची दृष्टीच बदलली. उत्तम पात्रयोजना पडद्याबाहेरही काम करते, त्याचा हा पहिला मोठा पुरावा.

दुसरा पुरावा अधिक सूक्ष्म आहे आणि तो दोन चित्रपट शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. १९३५ मध्ये व्ही. शांतारामांनी ‘धर्मात्मा’त संत एकनाथांच्या भूमिकेसाठी बालगंधर्वांना घेतले. साऱ्या महाराष्ट्राचे दैवत, गळ्याचा चमत्कार. पण पडद्यावर एकनाथ दिसेनात. पुरुषवेषातले बालगंधर्व दिसले. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीत दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’साठी विष्णुपंत पागनीस निवडले. तेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले, तेही गाणारे. हिशेबाने दोन्ही निवडी सारख्याच. मग पागनीस का तरले? कारण त्यांच्यापाशी पडद्यावर घेऊन यायला स्वतःची मूर्ती नव्हती. प्रेक्षक त्यांना ओळखत नव्हता, त्यामुळे तुकारामाला ओळखू शकला. शिवाय स्त्रीभूमिकेतून अंगात मुरलेला मृदूपणा त्यांनी टाकून दिला नाही, तर भक्तीकडे वळवला. दिग्दर्शकांनी पाहिले ते हे. बालगंधर्वांची निवड कीर्तीची होती, पागनिसांची माणसाची होती.

याच चित्रपटात जिजाई झाली ती गौरी. स्टुडिओत किरकोळ कामे करणारी ही बाई, नटीचे शिक्षण नाही. पण तिचे रागावणे, म्हशीशी बोलणे, पोरांसाठी तळमळणे यांत कोठेही अभिनयाचा वास नाही. तुकाराम आकाशाकडे पाहतो आणि जिजाई चुलीकडे. दोघांपैकी एकजण जरी दुसऱ्या जातीचा नट असता, तर तो संसार खोटा ठरला असता. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट गौरवला गेला. त्यात या दोन निवडींचा वाटा किती, हे मोजता येत नाही. पण त्या काढून घेतल्या तर काय उरते, याचा विचार करून पाहावा.

आता आमच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. पागनीस मूळचे चिक्कोडीचे, म्हणजे बेळगाव भागातले. ‘कुंकू’मधली (१९३७) ती बंडखोर नीरा, शांता आपटे, जन्मल्या दुधनीला, कलबुर्गीहून सोलापूरकडे जाताना रेल्वे जेथे महाराष्ट्रात शिरते तेथले ते गाव. आणि ‘माणूस’मधली (१९३९) मैना, शांता हुबळीकर, हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या, घरची भाषा कानडी. ज्या तीन भूमिकांवाचून ‘प्रभात’ची गोष्ट सांगताच येत नाही, त्या तीनही या पट्ट्यातल्या माणसांनी केल्या आहेत. सीमाभागाच्या सभासंमेलनांत आपण ठरावांची यादी वाचतो. ही यादी मात्र कुणी वाचत नाही.

पण अभिमान बाळगताना पुढचा प्रश्न टाळता येत नाही. या माणसांकडून पुण्याने काय घेतले आणि काय घेतले नाही?

शांता आपट्यांपुरते उत्तर सोपे आहे. त्यांच्या बोलण्यात दुधनी नाही, असण्याचे कारणही नाही. हुबळीकरांचे मात्र पाहा. मातृभाषा कानडी असलेल्या या बाईने मराठी कमावले, असे कमावले की मैनेची लाडीगोडी आणि तिरस्कार दोन्ही त्यांच्या उच्चारात नेमके उतरतात. कष्ट मोठे, यश त्याहून मोठे. त्या चित्रपटातले प्रसिद्ध गाणे अनेक भाषांतून फिरते, कारण मैनेच्या दारी सर्व प्रांतांचे गिऱ्हाईक येते. म्हणजे परभाषा आली ती गिऱ्हाइकाची करमणूक म्हणून. मैना एकटी असताना, दुःखात असताना कोणत्या भाषेत विचार करीत असेल, हा प्रश्न तेथे उठत नाही. शांतारामांसारख्या दिग्दर्शकाला दोष देण्याचा हा उद्योग नाही. १९३९ मध्ये तो प्रश्न उठणे शक्यही नव्हते. पण नोंद झाली पाहिजे. सिनेमाने सीमेवरचा गळा घेतला, जीभ घेतली नाही. आमच्या विंगेतल्या मित्रासारखेच.

आणि पुढे जीभ घेतली तेव्हा ती कुणाच्या तोंडी दिली? कानडी हेल काढणारा मराठी माणूस आपल्या नाटक-सिनेमात आला तो बहुतेक वेळा आचारी, नोकर, हॉटेलवाला म्हणून. ‘काय करलालास’ असे आम्ही रोज म्हणतो. बाळाला जोजवताना म्हणतो, मयताच्या दारातही म्हणतो. पण पडद्यावर ते आले की थिएटर हसते. आम्हीही हसतो, हे त्यातले सर्वांत वाईट. आपल्याच बोलीला हसण्याची सवय आम्हाला पात्रयोजनेने लावली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्याची भूमिका त्याच जातीचा, धर्माचा, गावाचा नट हवा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. नटाने जन्मदाखला दाखवायचा असेल तर अभिनयकला बंद करावी लागेल. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक ख्रिस्ती घरातले, कृष्णाच्या भूमिका तर त्यांनी इतक्या केल्या की घराघरांतल्या कृष्णाला त्यांचा चेहरा मिळाला. ‘तुकाराम’च्या दोन दिग्दर्शकांपैकी फत्तेलाल मुसलमान. आणि १९४१ चा ‘शेजारी’ आठवा. हिंदू-मुसलमान मैत्रीच्या या कथेच्या हिंदी अवतारात, ‘पडोसी’त, शांतारामांनी हिंदू ठाकूर केला मझहर खान यांना आणि मुसलमान मिर्झा केला गजानन जागीरदारांना. फाळणीच्या सहा वर्षे आधी, वातावरण तापत असताना, ही अदलाबदल हेच त्या चित्रपटाचे सर्वांत बोलके विधान होते. संवाद लिहिण्यापूर्वीच ते केले गेले होते. बिदरच्या बाजूला दर्गा आणि मठ यांच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आम्हाला ती अदलाबदल समजायला कुणी शिकवावे लागत नाही.

म्हणजे प्रश्न जन्माचा नाही, कानाचा आहे. दिग्दर्शकाने त्या माणसाचे ऐकले का? त्याच्या अंगातले काय भूमिकेत आणायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे ठरवताना त्याला फक्त रिकामे भांडे समजले का? मोडकांच्या बाबतीत काही पुसावे लागले नाही. आमच्या बाबतीत पुसणे ही अट होती.

ही अट मोडलेली पाहण्यासाठी मला २०१३ पर्यंत थांबावे लागले, आणि ती मोडली ती आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’तल्या जब्यासाठी केम गावचा सोमनाथ अवघडे निवडला. हा मुलगा हलगी वाजवीत असे, आणि वाजवतानाच तो त्यांच्या डोळ्यांत भरला.   शहरातल्या शिकाऊ नटाला हलगी शिकवता आली असती. पण हात सराईत आणि मान खाली, हे दोन्ही एकदम शिकवता आले नसते. त्याच्यासमोर बापाच्या भूमिकेत किशोर कदम यांच्यासारखा मुरलेला नट उभा केला, हेही ध्यानात ठेवावे. पागनीस आणि गौरी यांची जुनीच जोडणी, उलट बाजूने.

२०१६ च्या ‘सैराट’मध्ये तर अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू आर्ची झाली आणि करमाळ्याचा आकाश ठोसर परशा. रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, चित्रपटाने गर्दीचे उच्चांक केले, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळे. आर्चीचे मराठी जसे अकलूजला बोलतात तसेच राहिले, आणि कुणी हसले नाही. किंबहुना पुण्यामुंबईची पोरे तसे बोलून पाहू लागली. ज्या हेलावर नोकराची पात्रे जगत होती, त्याच जातीच्या हेलाने एका मुलीने हुकूम सोडले, प्रेम केले, रडली. बोली तीच, ती कुणाच्या तोंडी दिली एवढाच फरक. पात्रयोजनेने लावलेली सवय पात्रयोजनेनेच सोडवली.

उत्तरार्धात ती दोघे पळून हैदराबादला जातात. तेलुगू कळत नाही, माणसे परकी. तेथे त्यांना आधार देते ती सुमनअक्का, दोन्ही भाषा जाणणारी मराठी बाई. छाया कदम यांनी ती फार जाणतेपणाने केली आहे. ते पाहताना वाटले, ही बाई आमची. सोलापूर ते हैदराबाद या वाटेवर अशी दोन भाषांची माणसे हजारोंनी राहतात. परक्याला घरात घेऊन त्याची भाषा त्याला परत देणारी. ‘सैराट’मध्ये ती दुय्यम पात्र आहे आणि त्या कथेत ते योग्यच. पण तिला मध्यभागी ठेवणारा चित्रपट मराठीत अजून यायचा आहे.

‘सैराट’ची पुढची कथा पात्रयोजनेच्या अभ्यासकाला धडा म्हणून पुरेशी आहे. २०१७ मध्ये त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ आला. त्यात नायिका पुन्हा रिंकूच. दोन राज्ये ज्या रेषेवरून भांडतात, ती रेषा एका मुलीच्या चेहऱ्याने सहज ओलांडली, याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’ निघाला. कथा उदयपूरला गेली आणि मुख्य भूमिकांत जान्हवी कपूर व ईशान खट्टर आले. दोघांनी मेहनत केली नाही असे नाही. पण आर्ची ट्रॅक्टर आणि बुलेट चालवते तेव्हा त्यात उसाच्या शेताची, पाटलाच्या मुलीची मस्ती असते. ती अंगातून येते, पटकथेतून नव्हे. दोन देखणी मुले उचलून तेथे ठेवली की जातीची कथा दोन घराण्यांच्या भांडणाची होते. कथानक जवळजवळ तेच, तरी चित्रपट वेगळा. फरक मुख्यतः माणसांचा आहे.

नवख्या माणसांना घेतले की काम झाले, अशी एक फॅशन अलीकडे दिसते. तीही फसवी आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे झाले ते वीरा साथीदार, आयुष्य चळवळीत गेलेला नागपूरचा कार्यकर्ता. २०२१ मध्ये करोनाने ते गेले. न्यायालयात निमूट बसलेला त्यांचा चेहरा विसरता येत नाही. पण त्यांच्यासमोर सरकारी वकील म्हणून गीतांजली कुलकर्णी यांच्यासारखी कसलेली अभिनेत्री आहे, आणि त्या दोघांतला तोल हीच दिग्दर्शकाची कला. पुढे ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) ताम्हाण्यांनी आदित्य मोडक हा खराखुरा शास्त्रीय गायक नायक म्हणून घेतला. तेथे गळा त्याचा, मेहनत त्याची, आणि अपयशाचे दुःखही त्याच्याच तोंडून. विंगेतून कुणी गात नव्हते!

आता या कामाला ‘कास्टिंग डायरेक्टर’ असे स्वतंत्र पदनाम आले आहे. ‘बँडिट क्वीन’साठी (१९९४) तिग्मांशू धुलिया यांनी ते काम केले, ‘गँग्ज ऑफ वासेपूर’नंतर (२०१२) मुकेश छाबडा यांचे नाव लोकांना ठाऊक झाले. अमेरिकेतल्या ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२५ च्या चित्रपटांपासून या कामासाठी वेगळे पारितोषिक देण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला. शतकभर श्रेयनामावलीत धड जागा नसलेल्या कामाची ही उशिरा आलेली पावती.

पण निवड झाली म्हणजे न्याय झाला असे नव्हे. १९३९ मध्ये शांता आपटे करारावरून ‘प्रभात’च्या दारात उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘जाऊ मी सिनेमात?’. निवडली गेलेली बाई प्रश्न विचारते आहे, हे मला फार मोलाचे वाटते. खेड्यातून उचललेल्या मुलाला एका चित्रपटापुरता चेहरा मिळतो. पुढे काय, याचे उत्तर निवडणाऱ्यानेही द्यायला हवे. हलगी वाजवणाऱ्या पोराला प्रत्येक वेळी हलगीच वाजवायला लावली, तर ती नवी कैद. आर्चीला एक दिवस न्यायाधीश करा, डॉक्टर करा, आणि तेव्हाही तिचे बोलणे पुसू नका. कसोटी तेथे आहे.

आता राजेश्वरचे थोडे सांगून संपवतो. यंदा गावातली मुले मोबाईलवर एक लघुपट करीत आहेत. भूमिका वाटायला मला बोलावले. मी म्हटले, मी वाटप करणार नाही. तो अधिकार मी फार वर्षांपूर्वी घालवला आहे. मुले हसली, त्यांना संदर्भ कळला नाही. मग एवढेच सुचवले की संहिता आधी वाटू नका. एकेकाला बसवा आणि घरी बोलतो तसे काहीही सांगायला सांगा, कानडीत, मराठीत, उर्दूत. ऐका. मग ठरवा.

तो मित्र अजून गावातच असतो. भजनात म्हणतो; गळा उतरला आहे, पण सूर जागेवर आहे. त्या नाटकाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मुलांना घेऊन त्याच्याकडे गेलो आणि लघुपटातल्या म्हाताऱ्याचे काम करशील का, असे विचारले. तो म्हणाला, “गायचं असलं तर येतो. पण ह्या खेपेला पुढं बसून.”